सुभद्रेची वाकडी विळी

देवासच्या गणोजी लोहाराला कुणी विचारलं, "तू कुठल्या दरबारचा रे?" तर तो सांडशीनं आकाश दाखवायचा. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. देवास हे गाव एक आणि राजे दोन. थोरल्या पातीचे एक, धाकट्या पातीचे एक. गल्लीच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. आणि गणोजीचं दुकान नेमकं हद्दीवर. भट्टी इकडे, ऐरण तिकडे. एकदा दोन्हीकडचे शिपाई एकाच वेळी दुकानात आले आणि भट्टीचा कर कोण घेणार यावरून आपसांतच भांडायला लागले. गणोजी भाता ओढता ओढता म्हणाला, "लोखंड तापतं थोरल्यांच्या राज्यात आणि मार खातं धाकट्यांच्या. आता धार कुणाच्या मालकीची ते तुम्ही दोघं ठरवून या. तोवर मला पीपलरावां गावच्या पाटलाचे विळे द्यायचेत." दोघं जे गेले ते गेलेच.

सुभद्रा ही त्या गणोजीची एकुलती लेक. बापाचं रूप तिनं घेतलं नाही ही देवाची कृपा, पण ताठा तेवढा पुरेपूर घेतला. आई लहानपणीच गेलेली, घरात दुसरं माणूस नाही, तेव्हा बापासमोर उभं राहून घण मारायचं काम तिच्याकडेच आलं. गल्लीतल्या बायका नावं ठेवायच्या. ती म्हणायची, "तुम्ही धुणं आपटता, मी घण आपटते. हात तेच की."

तिचं लग्न ठरलं धारला, कृष्णराव मिस्त्रींच्या भास्करशी. साल असेल एकोणीसशे सात-आठ. घराणं जातीचं लोहाराचंच, पण कृष्णराव दरबारच्या मिस्त्रीखान्यात लागल्यापासून घरची भट्टी विझली ती विझलीच. बग्ग्यांचे कमानपाटे, तिजोऱ्यांची कुलुपं, पाणी ओढायचे पंप, असली विलायती कामं ते करायचे. पितळी बटणांचा कोट घालून कामावर जायचे आणि 'लोहार' म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचे.

लेकीला सासरी पाठवताना बापानं स्वतःच्या हातची विळी द्यायची, ही गणोजीच्या घरची रीत. ही विळी केली तेव्हा घण सुभद्रेनंच मारला. अशी विळी कशी होते तेही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. नरम लोखंडाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. मध्ये जुन्या झिजलेल्या कानशीचं पोलाद ठेवायचं. वर सवागीची, म्हणजे टाकणखाराची, पूड भुरभुरवायची म्हणजे आतला मळ वितळून बाहेर पडतो. मग पांढरं होईतो तापवायचं आणि ठोकायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं, तिन्ही एकजीव होईतो. शेवटी पाणी द्यायचं ते फक्त धारेला. पोटातलं पोलाद कापण्यासाठी, अंगचं लोखंड सोसण्यासाठी.

आता गंमत अशी झाली, की विळी भट्टीत असतानाच लग्नाची लुगडी घेऊन कासार गल्लीतली मावशी दारात आली. सुभद्रेच्या एका हातात भात्याची दोरी आणि नजर लुगड्यांवर. भाता थांबला. टोकाकडची चार बोटं थंड पडली. गणोजीनं ओरडून पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं, मग विळी निवली तशी कानाशी धरून नखानं वाजवली. काही बोलला मात्र नाही. सुभद्रेनं विचारलं, "लागला का जोड?" तर म्हणाला, "घण मार."

वैशाखात लग्न झालं. ज्येष्ठात धारला लोणच्याच्या केऱ्या आल्या. माळव्यात कैरीला केरीच म्हणतात, आणि मराठी घरांतही तोच शब्द रुळलेला. सासूबाई यमुनाबाई म्हणजे लोणच्याच्या बाबतीत अख्ख्या आळीच्या सुभेदार. नव्या सुनेला त्यांनी विळीवर बसवलं. दिवसभर सुभद्रा कोयीसकट केऱ्या फोडत होती. वरून लाकडी थापीचा ठोका, खाली खच्च. एकदाही विळी कचरली नाही. यमुनाबाई मसाला कालवता कालवता बघत होत्या.

संध्याकाळी सुभद्रेनं विळी राखेनं घासली, धुतली, पुसली, आणि उजेडात धरली तर पात्यावर एक रेघ! धारेच्या वर दोन बोटांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नागासारखी वळत गेलेली. रेघेच्या खाली काळसर, वर पांढुरकं. दिवसभरच्या आंबटानं पोलाद काळं पडलं होतं आणि लोखंड तसंच राहिलं होतं, दुसरं काही नाही. सुभद्रेला तर ती रेघ बघून माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

पण यमुनाबाईंनी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! ही तर सांधलेली विळी! मोडकी विळी जोडून दिली तुझ्या बापानं?"

"मोडकी नाही आत्याबाई. ही पोलादाची रेघ."

"मला शिकवू नकोस. चिरलेली बरणी कळते मला, आणि चिरलेली विळीही कळते. भंगलेल्या मूर्तीला आपण फूल वाहत नाही, भंगलेल्या तांब्यातून पाणी पीत नाही, आणि भंगलेल्या विळीवर वर्षाचं लोणचं? देवाच्या पानात वाढतो आपण ते!"

ओसरीवर अक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे कृष्णरावांची थोरली विधवा बहीण. दात एक नाही, पण सुपारी खलबत्त्यात कुटून दिवसभर चालू. त्या म्हणाल्या, "यमुने, कृष्णा येऊ दे. लोखंडाचं त्याला कळतं, तुला लोणच्याचं."

कृष्णराव आले. कोट काढला, टोपी खुंटीला लावली, चष्मा नाकावर चढवला आणि रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"जोड आहे," ते म्हणाले.

"बघा!" यमुनाबाई.

"मोडून जोडलेली नाही. मुळात जोडूनच केलेली. लोखंडाच्या दोन भाकरी आणि मध्ये पोलादाचा ठेचा. देवासकडे पोलाद केशरासारखं वापरतात." आणि मोठ्यानं हसले.

सुभद्रेच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पदर सावरत ती म्हणाली, "मामंजी, तिन्ही एकजीव झाल्यावर त्याला जोड म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"विळी म्हणतात."

अक्कांचा बत्ता हवेतच थांबला. सासऱ्याला असं उत्तर त्या घरात पूर्वी कुणी दिलं नव्हतं. कृष्णराव मात्र रागावले नाहीत. उलट त्यांना चेवच आला. आत जाऊन त्यांनी कापडात गुंडाळलेला एक सुरा आणला. विलायती पोलादाच्या कांबेतून स्वतः घडवलेला. घरात त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"हे बघ सूनबाई. मुठीपासून टोकापर्यंत एकच जात. सबंध पोलाद. कुठंही घास, धार लागणार. कांदा असा कापतो की चकतीतून समई दिसावी. तुझ्या विळीचं काय? दोन बोटं झिजली की पोलाद संपलं. मग काय, लोखंडानं केऱ्या फोडणार?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. सुभद्रा ते जाणून होती. सुरा खरोखरच देखणा होता, काळ्या मांजराच्या पाठीसारखा तुळतुळीत. पण यमुनाबाईंना त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द कळला होता: जोड.

"ते तुमचं काही असो," त्यांनी निकाल दिला, "जोडाचं लोखंड माझ्या चुलीपाशी नको. उद्या सकाळी भाजीवाल्यांच्या गाड्या इंदूरला निघतील, तिथून देवास जवळच. विळी परत जाईल, आणि विळीबरोबर तूही जाशील. बापाला म्हणावं सबंध विळी घडव. ती घेऊनच उंबरा ओलांड."

भास्कर दारात उभा होता. गुणी मुलगा, पण आईपुढं बोलायचं म्हटलं की त्याला शिंक यायची. आत्ताही आली.

आता जरा विचार करा. लग्नाला महिना झाला नाही आणि सून विळीसकट परत! देवासच्या गल्लीत पहिल्याच दिवशी बोभाटा झाला असता की गणोजीनं लेकीला मोडकी विळी दिली. लोहाराकडे दुसरं काय असतं? हात आणि नाव. आणि गणोजीनं दुसरी विळी घडवलीही नसती. तो मनुष्य लेक जन्मभर घरी ठेवून घेईल, पण 'चुकलो' म्हणून हातोडा उचलणार नाही. सुभद्रेला बाप पक्का ठाऊक होता.

तिनं विळीचा पाट उचलला आणि भास्करसमोर ठेवला.

"अहो, पातं मोकळं करा यातून."

"कशाला?"

"मामंजींच्या शिकंज्यात धरायचंय." ओसरीच्या कोपऱ्यात कृष्णरावांचं लाकडी बाक होतं आणि त्यावर जिन्नस जबड्यात आवळून धरणारा लोखंडी शिकंजा बसवलेला, सुट्टीच्या दिवशी कुलुपं दुरुस्त करायला. सुभद्रा सासूकडे वळली. "आत्याबाई, जोड असेल तर वाकवल्यावर उकलेल. पोळीचे पदर सुटतात तशी सुटेल. सुटली तर उद्या कशाला, मी आत्ता चालत निघते. नाही सुटली तर विळी इथंच राहील आणि मीही इथंच राहीन."

"वाकव की," यमुनाबाई म्हणाल्या. "मी कुठं नको म्हणते?"

"थांबा. विळी वाकली, की मग मामंजींचा सुराही तसाच वाकवायचा. तेवढाच."

कृष्णरावांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "सुऱ्याचा काय संबंध?"

"एकाच घरात राहायचंय ना दोघांना? मग परीक्षा एकाचीच का?"

"कृष्णा," अक्का खल बाजूला ठेवत म्हणाल्या, "पोरगी न्यायाचं बोलतेय."

शेजारचा उमाशंकर भिंतीवरून डोकावला. "काय हो मिस्त्री भिया, क्या हो रिया है?"

"कुछ नहीं भिया, विळीचं लग्न लागतंय," अक्काच म्हणाल्या. उमाशंकर मग भिंत चढून अलीकडेच आला.

पातं शिकंज्यात धरलं, टोकाकडून. तेच टोक. तीच चार बोटं. आत्तापर्यंत सुभद्रा वाघिणीसारखी बोलत होती, पण शिकंज्याचा दांडा आवळला जाऊ लागला आणि तिची नजर त्या टोकावरून हलेना. भाता थांबला होता तो क्षण आठवला, लुगड्याचा काठ आठवला, आणि बापाचं ते 'घण मार'. जोड लागला होता की नव्हता? बाप बोलला नव्हता. या जगात ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता सगळ्या आळीला माहीत होणार होतं. 'दुसऱ्या बाजूनं धरा' असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "घट्ट आवळा, अहो. अर्धवट नको."

कृष्णरावांनी विळीच्या पाटात बसणाऱ्या शेपटावर लोखंडी नळी चढवली आणि रेटा दिला. पातं लवलं. आणखी रेटा. आणखी लवलं. मध्येच 'टक्' असा आवाज झाला आणि सगळे थबकले. यमुनाबाई पुढं सरसावल्या. भास्करनं वाकून पाहिलं, आणि त्या दिवसातलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य बोलला, "शिकंज्याचा खिळा आहे. सैल झालाय."

"ओढा मामंजी," सुभद्रा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

कृष्णरावांनी ओढलं. पातं पार कोयरीसारखं वळलं. त्यांनी नळी काढली, चष्मा पुसला, रेघेवरून पुन्हा नख फिरवलं, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. नख कुठंच अडकलं नाही.

"उकललं नाही," ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "नाही उकललं."

सुभद्रेनं सरळ सुऱ्याकडे बोट केलं. "आता हा."

कृष्णरावांनी सुरा उचलला. कापड सोडलं. शिकंज्यापर्यंत नेला. दोन जबड्यांमध्ये टोक ठेवलंही. उमाशंकर नाक पुढं काढून बघत होता. आणि मिस्त्रींचा हात तिथंच थांबला. पाचशे बग्ग्यांच्या कमानी बसवलेला तो हात, त्याला पोलादाची नस ठाऊक होती. त्यांनी सुरा काढून घेतला आणि पुन्हा कापडात गुंडाळायला लागले.

"काय झालं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"हा वाकायला केलेला नाही. कापायला केलाय."

"मोडेल का?" सुभद्रेनं विचारलं.

कृष्णरावांनी सुनेकडे रोखून पाहिलं. पण माणूस खरा होता. "मोडेल," ते म्हणाले. "काचेसारखा मोडेल. पण याची धार तुझ्या बापाच्या सात पिढ्यांत कुणी—"

"धारेबद्दल मी कुठं काही म्हटलं? कांदा तुमच्याच सुऱ्याचा पातळ. उद्या पाहुणे आले तर तुमच्याकडूनच मागून घेईन. पण केऱ्या फोडायला माझी विळी. आणि ती परत जाणार नाही. मीही जाणार नाही."

यमुनाबाई हरल्या म्हणता? छे! त्यांनी विळीकडे हात केला. "अगं पण आता ही वाकडी झाली! केऱ्यांची अर्धी टोपली तशीच पडलीय. वाकड्या विळीवर कशा फोडू, माझं डोकं?"

"सरळ करते."

"कुठं?"

सुभद्रेनं अंगणात पाहिलं. तुळशीच्या बाजूला आजेसासऱ्यांची ऐरण होती. भट्टी विझल्यापासून तिच्यावर लोणच्याच्या बरण्या वाळत. दसऱ्याला तेवढं हळदकुंकू. कुंकवाचे थर चढून ती शेंदऱ्या मारुतीसारखी दिसायला लागली होती. सुभद्रा गेली आणि एकेक बरणी उतरवून खाली ठेवू लागली.

"सूनबाई! ऐरणीला हात लावू नकोस. देव आहे ती!"

"आमच्याकडेही देवच आहे, आत्याबाई. आम्ही रोज पूजा करतो. घणानं."

तिनं पदर खोचला, बाकावरचा हातोडा घेतला आणि विळी ऐरणीवर ठेवली. पहिला ठोका पडला. खण्ण! त्या अंगणात तो आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता. अक्का उभ्या राहिल्या. त्यांच्या बापाची ऐरण ती. लहानपणी सकाळी त्या याच आवाजानं जाग्या होत. आणि कृष्णराव, पितळी बटणांचे कृष्णराव, अनवाणीच अंगणात धावले.

"थांब, थांब! थंडगार ठोकतेस? पोटातलं पोलाद तडकेल ना! भास्कर, चुलीतले निखारे आण घमेल्यात. आधी ऊब देऊ." मग त्यांनी स्वतः सांडशी घेतली, पातं निखाऱ्यांवर धरलं, थुंकी लावून ऊब पाहिली आणि ऐरणीवर आणलं. "हं, मार. धारेवर नको, पाठीवर. हलक्या हातानं. आणखी. जरा अलीकडे."

सून मारत होती, सासरा धरत होता. उमाशंकरची बायको भिंतीवरून बघत होती आणि तोंडात पदर होता. यमुनाबाई बरण्या कवटाळून उभ्या होत्या. पातं जवळजवळ सरळ आलं, आणि मग एका ठोक्याला आवाज किंचित बदलला. दोघांच्याही कानांनी तो टिपला. कृष्णराव म्हणाले, "बास, आणखी मारलं तर तडकेल." त्याच क्षणी सुभद्रेनंही हातोडा खाली ठेवला होता. टोकाकडं जरासं वाकडं राहिलं. उजवीकडं झुकलेलं, बोटाएवढं.

उरलेल्या केऱ्या यमुनाबाईंनी स्वतः फोडल्या. विळी वाकडी म्हणून त्यांना अंग तिरकं करून बसावं लागलं. "वाकडी सून, वाकडी विळी," थापीच्या प्रत्येक ठोक्याला त्या म्हणत होत्या. पण फोडत होत्या. त्या वर्षी एका बरणीला बुरशी आली, त्याचा ठपका अर्थात विळीवर. सुभद्रा म्हणाली, "बरणी ओली होती." तो वाद यमुनाबाई होत्या तोवर मिटला नाही.

श्रावणात गणोजी लेकीला माहेरी न्यायला आला, आणि आला तो नेमका नागपंचमीला. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, विळीला हात लावायचा नाही. तर या दोन व्याह्यांनी पुरणाची दिंडं खात दिवसभर पात्यांवर वाद घातला. "दोन बोटं झिजली की संपलं तुमचं पोलाद," कृष्णराव म्हणत. "दोन बोटं झिजायला नातवाचं लग्न यावं लागतं," गणोजी म्हणे. "आणि तुमचा सुरा हातातून फरशीवर पडला तर?" "पाडायचा कशाला?" "तुम्ही नाही पाडणार हो, घरात बायका-पोरं आहेत." यमुनाबाई आतून ओरडल्या, "बायकांनी काय पाडलंय?" असं चाललेलं.

संध्याकाळी गणोजी चुलीपाशी आला. विळीला हात न लावता, उकिडवा बसून त्यानं ती नीट पाहिली.

"वाकवली कुणी?"

"मामंजींनी."

"सरळ कुणी केली?"

"मी. मामंजींनी धरली होती."

गणोजीनं मिशीवरून हात फिरवला. सुभद्रेनं दाराकडे बघून आवाज उतरवला. "बाबा, एक विचारू? ती टोकाची चार बोटं. मावशी लुगडी घेऊन आली तेव्हाची. जोड लागला होता ना?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे? तुम्ही वाजवून बघितली होती!"

"वाजवली होती. लागला असेल असं वाटलं. नक्की कळलं ते आत्ता, तू वाकवून घेतलीस म्हणून." आणि तो मोठ्यानं हसला, इतका की कृष्णराव ओसरीवरून डोकावले. "जरासं वाकडं राहिलंय गं. उद्या पंचमी सरली की थांबतो घटकाभर, सरळ करून देतो."

सुभद्रेनं पात्याला न शिवता नुसता पाट धरून विळी भिंतीशी उभी केली, टोक सगळ्यांना दिसेल असं.

"राहू दे," ती म्हणाली.